‘मँगो’ हा शब्द आला कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी एप्रिल उजाडला की माझ्याकडे हेच प्रश्न येतात. भाची विचारते, शेजारची कॉलेजातली मुलं विचारतात, पुण्या-मुंबईचे पाहुणे गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मानकुराद आंब्याचा डझनाचा भाव ऐकून आधी गप्प होतात आणि मग विचारतात की ह्याला मानकुराद का म्हणतात, आणि तिथून गाडी मँगोवर येतेच. म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतोय. मी गोव्यातल्या डिचोलीचा, घरी मराठी आणि कोंकणी दोन्ही, त्यामुळे मध्येमध्ये आमच्याकडचे शब्द येतील, ते समजून घ्या.

‘मँगो’ हा मुळात इंग्रजी शब्द आहे का?

नाही. इंग्लंडात आंब्याचं झाड उगवत नाही, मग त्यांच्याकडे शब्द कुठून असणार. इंग्रजीत तो १५८० च्या दशकात आला, पोर्तुगीज ‘मांगा’ वरून, आणि पोर्तुगिजांनी तो उचलला मलबार किनाऱ्यावर. मल्याळममध्ये ‘माङ्ङ’, तमिळमध्ये ‘माङ्काय’. सुरुवातीच्या इंग्रजी लिखाणात ‘मांगा’, ‘मांगास’ असंच दिसतं, शेवटचा ‘ओ’ नंतर पक्का झाला. म्हणजे केरळ-तमिळनाडूचा शब्द पोर्तुगीज गलबतात बसून लंडनला गेला, वाटेत त्याने गोव्याचं बंदर पाहिलं.

पण आपला ‘आंबा’ शब्द का नाही घेतला त्यांनी?

कारण साधं आहे, पहिली भेट कुठे झाली ते बघा. वास्को द गामा १४९८ च्या मे महिन्यात कालिकतला उतरला. मे महिना, म्हणजे आंब्याचेच दिवस. पोर्तुगिजांची पहिली वखार, पहिला व्यापार, पहिले दुभाषी सगळं कालिकत, कोची, कण्णूर ह्या पट्ट्यात. गोवा त्यांनी घेतला १५१० मध्ये, तोपर्यंत बारा वर्षं ते लोक ‘मांगा’ म्हणत होते आणि एकदा जिभेवर बसलेला शब्द कोण बदलतो? इथे आल्यावर त्यांच्या कानावर ‘आंबो’ पडलाच असणार, रोजच पडला असणार, पण वहीत आधीच ‘मांगा’ लिहून झालेलं होतं. गलबत आधी आमच्या किनाऱ्याला लागलं असतं तर आज इंग्रज पोरं ‘अंबा’ म्हणाली असती असं मला मनापासून वाटतं.

‘मँगो’ म्हणजे खरं तर कैरी, हे मी ऐकलंय ते बरोबर का?

बरोबर, आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. तमिळमध्ये ‘मा’ म्हणजे आंब्याचं झाड, आणि ‘काय’ म्हणजे न पिकलेलं फळ. पिकलेल्या आंब्याला ते ‘माङ्काय’ म्हणत नाहीत, त्याला ‘माम्पळम’ म्हणतात, ‘पळम’ म्हणजे पिकलेलं. आपल्या शेजारच्या कन्नडात पण तसंच, ‘माविनकायि’ म्हणजे कैरी आणि ‘माविनहण्णु’ म्हणजे पिका आंबा, बेळगावहून भाजी घेऊन येणाऱ्या माणसाला विचारून बघा. तर जो शब्द जगभर गेला तो ‘काय’वाला गेला, ‘पळम’वाला नाही. आमच्याकडे कैरीला ‘तोर’ म्हणतात, तेव्हा आमच्या भाषेत सांगायचं तर इंग्रज हापूस खाताना सुद्धा ‘तोर’च म्हणतोय.

आता कोणी म्हणेल की हा नुसता योगायोग, पोर्तुगिजांना काय माहीत कच्चं कुठलं आणि पिकं कुठलं. असेल. पण पुढे लोणच्याचा प्रश्न आहे तो वाचा, मग बोलू.

‘आंबा’ आणि ‘मँगो’ एकाच मुळातले का? दोन्हीत ‘म’ आहे.

दोन वेगळे रस्ते आहेत. आपला आंबा संस्कृत ‘आम्र’ वरून, प्राकृतात ‘अंब’. मधे हा ‘ब’ कुठून आला असं भाचीने विचारलं होतं, तर ‘म’ आणि ‘र’ लागोपाठ म्हणताना ओठ मिटून उघडतात आणि आपोआप ‘ब’ फुटतो, म्हणून बघा. ‘ताम्र’ चं ‘तांबं’ झालं अगदी त्याच हिशोबाने. आम्र-आंबा, ताम्र-तांबं. शाळेत हे असं शिकवलं असतं तर व्याकरण कोणाला जड गेलं नसतं. ‘माङ्काय’ द्राविडी भाषांतला, त्याचा संसार निराळा.

ह्या सगळ्यात गोव्याचा हात किती?

बराच. युरोपात आंब्याची नीट माहिती पोचली ती मोठ्या भागात गोव्यातून. गार्सिया द ओर्ता म्हणून पोर्तुगीज वैद्य होता, तो गोव्यात राहायचा, त्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादरूपी ग्रंथ १५६३ मध्ये इथेच गोव्यात छापला गेला, त्यात आंब्यावर प्रकरण आहे. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं, आणि तिथल्या आपल्या एका झाडाला वर्षातून दोनदा आंबे लागतात असं तो कौतुकाने सांगतो. मग आला यान व्हान लिन्सखोटन, डच माणूस, १५८३ ते १५८८ गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी सेक्रेटरी. त्याचं पुस्तक १५९६ ला डचमध्ये आलं, १५९८ ला इंग्रजीत. इंग्रजांनी ते अधाशासारखं वाचलं कारण त्यांना पूर्वेचा रस्ता पाहिजे होता, आणि त्या रस्त्याबरोबर त्यांना आंबाही मिळाला, निदान कागदावर तरी. पुढे सतराव्या शतकात निकोलाव मनुची हा इटालियन प्रवासी तर सरळ लिहितो की सगळ्यात चांगले आंबे गोवा बेटात होतात, आणि मग जातींची नावंच देतो. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी मनुचीचं हे वाक्य जरूर लक्षात ठेवावं.

इंग्रजीत ‘मँगो’ म्हणजे लोणचं असा अर्थ होता म्हणतात, तो कसा?

ह्यावर थोडं बसून लिहितो.

सोळाव्या-सतराव्या शतकात गोव्याहून लिस्बनला किंवा सुरतेहून लंडनला जायचं म्हणजे सहा-सहा महिने, शिडाचं जहाज, आफ्रिकेला वळसा. पिका आंबा अढीतून काढल्यावर किती दिवस टिकतो हे आपल्याला माहीत आहे, आठवडा झाला की रडतो. म्हणजे इंग्लंडात बसलेल्या माणसाने पिका आंबा बघायचा प्रश्नच नाही. त्याच्यापर्यंत पोचायची ती मिठातली कैरी, बरणीत किंवा पिंपात, आत मसाला भरलेली. लिन्सखोटननेच लिहून ठेवलंय की गोव्यात हिरव्या कैऱ्या मिठात घालतात आणि आत आलं नि लसूण भरतात.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या आईचं मिस्कूट डोळ्यासमोर आलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मिस्कूट म्हणजे भरल्या तोराचं लोणचं. बाठा अजून कठीण झालेला नाही असा तोर घ्यायचा, देठाकडे जोडलेला ठेवून चार चिरा द्यायच्या, मीठ लावून वर वजन ठेवायचं, पाणी सुटलं की निथळवून कोरडं करायचं आणि मग मोहरी, मेथी, हिंग, हळद, तिखट असा मसाला आत ठासून भरायचा, वर तेल. आई मसाला भरताना कोणाला बोलू देत नसे, हात ओला लागला तर बरणी गेली असं म्हणायची. चारशे वर्षांपूर्वी एका डच कारकुनाने हेच कोणाच्या तरी अंगणात उभं राहून बघितलं असणार, ह्या विचाराने मला अजून अंगावर काटा येतो.

तर इंग्लंडात हे पोचलं आणि आवडलं. पण कैऱ्या येणार कमी, महाग. मग तिथल्या बायकांनी घरची फळं घेतली, काकडी, कोवळं खरबूज, पीच. आतलं बी काढायचं, मोहरी-लसूण-आलं भरायचं, दोऱ्याने बांधायचं आणि तेलाऐवजी व्हिनेगरमध्ये घालायचं. ह्या पदार्थाला नाव काय, तर ‘मँगो’! काकडीचा मँगो, खरबुजाचा मँगो. १६७० च्या दशकापासून इंग्रजीत हा अर्थ सापडतो, आणि पुढे ते क्रियापद पण झालं, काकडी ‘मँगो करणे’ म्हणजे पोट फोडून मसाला भरून मुरवणे. आंब्याचा थेंबसुद्धा नाही त्यात.

आता मगाचा कैरीचा मुद्दा आठवा. तमिळ शब्दाचा अर्थ कैरी, इंग्रजांच्या ताटात आलेली वस्तू पण कैरी. बिचारे त्या फळाच्या गोडीपर्यंत पोचलेच नव्हते, त्यांच्यासाठी मँगो म्हणजे आंबट, खारट, मोहरीचा झणका असलेली चीज. शब्द जहाजात चढला तो मीठ लावूनच.

अमेरिकेत ढब्बू मिरचीला मँगो म्हणतात हे खरंय?

खरंय. ओहायो, इंडियाना, केंटकी ह्या भागातली जुनी माणसं हिरव्या ढब्बू मिरचीला मँगो म्हणायची, काही अजून म्हणतात. कारण वरचंच. काकडी-खरबुजाच्या जागी मिरचीत कोबी वगैरे भरून व्हिनेगरमध्ये मुरवायला लागले, त्याला ‘मँगो’ म्हणायला लागले, आणि हळूहळू नाव पदार्थावरून घसरून नुसत्या मिरचीला चिकटलं. तिथल्या जुन्या रेसिपीत ‘स्टफ्ड मँगो’ दिसलं तर आंबे आणायला धावू नका.

आमच्याकडे रेशाद मसाल्याचं असंच झालं की. पोर्तुगीज ‘रेशियादु’ म्हणजे नुसतं ‘भरलेलं’. बांगड्यात भरायचा म्हणून तो लाल मसालाच रेशाद झाला, आता तव्यावरच्या सुंगटांना, म्हणजे कोळंबीला, वरून चोळला तरी रेशादच.

मग ‘आंबा’ हा मराठी शब्द देशाबाहेर गेलाच नाही का?

गेला ना! आणि तो पण लोणच्यातूनच गेला. इराकमध्ये ‘अंबा’ नावाची पिवळीजर्द आंबट चटणीसारखी गोष्ट मिळते, कैरी, मेथी, हळद, मोहरी. बगदाद-बसऱ्याचे ज्यू व्यापारी मुंबईत येऊन-जाऊन होते, काही इथेच स्थायिक झाले, त्या ये-जा मधून हे लोणचं तिकडे रुजलं, आणि नाव राहिलं ‘अंबा’, आपलं मराठी. इराकी ज्यू पुढे इस्राएलला गेले तेव्हा बरणी बरोबर गेली, तिथे आज रस्त्यावर वांगं-अंड्याच्या सँडविचवर अंबा ओततात. म्हणजे पश्चिमेला दोन शब्द गेले, एक पोर्तुगिजांबरोबर आणि एक आपल्या किनाऱ्यावरून आखातात, आणि दोघंही मिठात मुरून गेले. मला हे कळलं त्या दिवशी मी तीन जणांना फोन करून सांगितलं.

अरबी लोकांना फळ त्याच्या कितीतरी आधी माहीत होतं हेही सांगायला हवं. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी चौदाव्या शतकात येऊन गेला, तो आंब्याला ‘अंबा’च म्हणतो आणि इथले लोक कच्ची फळं मिठात घालतात हे पण सांगतो. पूर्व आफ्रिकेत स्वाहिली भाषेत आंब्याला ‘एंबे’ म्हणतात, कान देऊन ऐकलं तर आपलाच वाटतो.

गोव्यातला ‘मांगाड’ ह्याच शब्दातला का?

हो. पिक्या आंब्याचा रस साखर घालून आटवलेला तो मांगाड, पोर्तुगीज ‘मांगा’ वरून ‘मांगादा’. गंमत अशी की गोव्यात आंब्याचे बाकीचे पदार्थ आपल्याच नावाने राहिले, साट, सासांव, मिस्कूट, चेपणीतले तोर, पण साखरेत आटवलेल्याला बाहेरून फिरून आलेलं नाव मिळालं. माझ्या एका ख्रिश्चन शेजारणीच्या घरी मे महिन्यात मांगाड ढवळायला सगळ्यांना पाळी असते, चटके बसतात म्हणून लांब दांड्याचा डवला लागतो.

हापूस आणि मानकुराद ही नावं कुठली?

दोन्ही पोर्तुगीज. हापूस म्हणजे ‘अफोंसो’, इंग्रजीत तो ‘अल्फोन्सो’ झाला आणि कोकणात ‘आफूस’, ‘हापूस’. अफोंसो द अल्बुकर्क, ज्याने १५१० ला गोवा जिंकला, त्याच्या नावावरून असं सगळे सांगतात. पण मगाशी मनुची म्हटला ना, त्याने दिलेल्या जातींच्या यादीत पहिलं नाव आहे ‘निकुलाव अफोंसो’. म्हणजे अफोंसो आडनावाच्या एखाद्या बागायतदाराचं नाव फळाला लागलेलं असू शकतं, आणि मला तरी हेच जास्त पटतं, कारण गोव्यातल्या आंब्यांची बाकीची नावं पण अशीच माणसांची, फर्नांदिन, हिलारियो, कुलास म्हणजे कुलासो, शाव्येर. कलम बांधणाऱ्या माणसाचं नाव फळाला द्यायची ही चाल चांगलीच म्हणायची. कलमांची कला इथे वाढवली त्याचं श्रेय जेजुइट पाद्र्यांना दिलं जातं.

मानकुरादचं मूळ ‘मालकोरादा’, ‘माल’ म्हणजे वाईट आणि ‘कोरादा’ म्हणजे रंगलेली. सालीवर डाग असतात, रंग हापूससारखा एकसारखा चढत नाही, म्हणून हे नाव. ज्याने ठेवलं त्याने कापायच्या आधीच ठेवलं असणार! आतला गर बघा, रेषा नाही, केशरी, मधासारखा. २०२३ मध्ये गोवा मानकुरादला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, म्हणजे ‘वाईट रंगाचा’ हे नाव आता सरकारी दप्तरात सन्मानाने आहे. मुसराद ह्या आमच्या दुसऱ्या आंब्याचं नावही पोर्तुगीजच, मोन्सेर्रात वरून.

शास्त्रीय नाव ‘मँजिफेरा इंडिका’ म्हणजे काय?

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये दिलं. ‘मांगा’ला लॅटिन ‘फेरो’ म्हणजे धारण करणे जोडलं, मांगा धरणारं झाड, भारतातलं. काजू आणि बिब्बा ह्याच कुळातले, म्हणून चीक लागला की ओठाला चट्टे उठतात.

जपानी ‘मांगा’ कॉमिक्स, मँग्रोव्ह, मँगोस्टीन, मंगळूर ह्यांचा काही संबंध?

एकाचाही नाही. जपानी मांगा म्हणजे मनमौजी चित्रं अशा अर्थाचा जोडशब्द. मँग्रोव्ह पोर्तुगीज ‘मांगे’ आणि स्पॅनिश ‘मांग्ले’ वरून, तो अमेरिकेकडचा. मँगोस्टीन मलय भाषेतला. मंगळूर मंगलादेवीवरून. आणि हो, पोर्तुगीजमध्ये शर्टाच्या बाहीला पण ‘मांगा’ म्हणतात, पण तो लॅटिनमधला हाताचा शब्द, उच्चार सारखा झाला इतकंच.

इंग्रजीत मँगोचे अजून कुठले अर्थ आहेत?

बरेच. ‘मँगो शॉवर’ म्हणजे एप्रिल-मे मधला वळवाचा पाऊस, कर्नाटक-केरळात जास्त बोलतात. ‘मँगो फिश’ म्हणजे बंगालमधला तोपसे मासा, आंब्याच्या दिवसात येतो आणि रंगाने पिवळसर. ‘मँगो ट्रिक’ म्हणजे गारुडी कोय पुरून फडक्याखाली रोप वाढवून दाखवायचे तो खेळ, इंग्रज साहेब लोक त्यावर पानंच्या पानं लिहायचे. अमेरिका खंडात चक्क एक हमिंगबर्ड आहे मँगो नावाचा.

जमैकात ‘नंबर इलेव्हन’ नावाचा आंबा का आहे?

१७८२ मध्ये इंग्रज आरमाराने एक फ्रेंच जहाज पकडलं, हिंदी महासागरातल्या बूर्बों बेटावरून, म्हणजे आजचं रेयुनियन, हैतीकडे रोपं घेऊन जाणारं. रोपांवर आकडे घातलेले होते. ती जमैकाला लावली, अकरा नंबरचं रोप चांगलं निघालं, आणि नाव कोणाला माहीतच नव्हतं म्हणून आकडाच नाव झाला. इथे आपण आंब्याला माणसाचं नाव देतो आणि तिकडे नुसता आकडा, मला ते झाड जरा पोरकं वाटतं.

अनेकवचन कसं लिहायचं, आणि मराठीत ‘मँगो’ म्हटलं तर चालेल का?

इंग्रजीत ‘ओ-एस’ आणि ‘ओ-ई-एस’ दोन्ही स्पेलिंगं बरोबर. मराठीत मिल्कशेक, आईस्क्रीम वगैरेंना मँगो चालून गेलंय, त्यावर मी भांडत नाही. पण पोरांना झाडाखाली उभं करून ‘बघ मँगो’ म्हणू नका, एवढी कळकळीची विनंती. आपल्याकडे मोहोर, बाळकैरी, तोर, पाडाचा, अढीतला, असा प्रत्येक आठवड्याला शब्द आहे. मँगो तेवढा एकच.

हे शब्दांचं सगळं कोणी शोधून ठेवलं?

इंग्रजांच्या बाजूने यूल आणि बर्नेल ह्यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोश, १८८६ चा. आणि पोर्तुगीजच्या बाजूने आपला माणूस, मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो, बार्देशातल्या आसगावचे, जन्म १८५५. पाद्री म्हणून श्रीलंका, कलकत्ता, सावंतवाडी असे फिरले आणि जातील तिथली भाषा शिकले, कोंकणी-पोर्तुगीज कोश केला, पुढे लिस्बनला संस्कृत शिकवलं. मधुमेहाने दोन्ही पाय कापावे लागले, तरी अंथरुणावरून काम चालू. त्यांचा पोर्तुगीज-आशियाई शब्दांचा मोठा कोश १९१९ आणि १९२१ ला दोन खंडांत निघाला, दुसरा खंड आल्यावर वर्षभरातच, १९२२ ला, ते गेले. ‘मांगा’ त्यात आहे. आसगावला कधी गेलात, आणि मे महिना असेल, तर रस्त्याच्या कडेने मानकुरादची झाडं बघत जा.